किल्ली मिळाली, गाडी कळायची आहे

कांद्याला भाव सापडला की लासलगावच्या आसपासच्या गावांत दोन गोष्टी दिसू लागतात. कोणाच्या तरी घरावर स्लॅब पडतो आणि कोणाच्या तरी दारात नवी गाडी येते. स्लॅबचं काम गवंड्यावर सोपवता येतं. गाडी मात्र स्वतःलाच चालवायची असते, आणि ती चालवायला शिकवणार कोण, हे कोणी ठरवलेलं नसतं.

शोरूममधला सोहळा आता सगळीकडे सारखाच असतो. गाडीवरचं कापड ओढायचं, बॉनेटला हार, काचेवर स्वस्तिक, नारळ, चाकांखाली लिंबं, पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली धरून घरच्यांचा फोटो, पेढे. यात तास जातो. मग शोरूमचा एक तरुण पंधरा-वीस मिनिटांत पन्नासेक गोष्टी सांगतो. तेव्हा पोरं सनरूफमधून डोकी काढून बसलेली असतात, आजी मागच्या सीटवर पाय वर घेता येतात का ते बघत असतात आणि घेणारा मनातल्या मनात हप्त्यांचा हिशेब करत असतो. ‘समजलं ना साहेब?’ या प्रश्नाला ‘हो, हो, समजलं’ याखेरीज दुसरं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. मीही तेच दिलं होतं. तिथून साठेक किलोमीटर अंतर, दिवेलागणीची वेळ, गाडीत सगळं घर. आणि पहिल्याच सरीत मी वायपरचा दांडा शोधत बसलो.

लासलगावचा शेतकरी यंत्राला बिचकणारा नाही, हे आधी सांगायला हवं. १९४७ सालच्या या बाजार समितीत हंगामात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, आणि त्या हाकणारे हात चांगलेच सराईत असतात. ट्रॅक्टरवर डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे, रस्त्यावर निघताना ते खिटीने जोडायचे. हाताची रेस वेगळी, पायाची वेगळी. पीटीओचा दांडा, हायड्रॉलिकचे दांडे, मोठ्या-छोट्या गिअरची जोडी. हे सगळं कोणी पुस्तक वाचून शिकलेलं नाही. चुलत्याच्या शेजारी मडगार्डवर बसून, बघून बघून ते अंगात आलं. ट्रॅक्टरचा दांडा दिसतो, ओढला की काय झालं तेही दिसतं. नांगर वर आला की नाही, याला तज्ज्ञ लागत नाही. नव्या मोटारीत नेमकं याच्या उलट आहे. जे महत्त्वाचं ते दिसत नाही, आणि जे ठळक दिसतं ते बहुतेक गाण्यांचं असतं.

मोटारींचाही असा अनागोंदीचा काळ होऊन गेला आहे. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीला तीन पेडल होती, पण डावीकडचं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवीकडचं ब्रेकचं. रेस हाताने, स्टेअरिंगजवळच्या दांडीवर. आजची क्लच, ब्रेक, रेस ही ओळ १९१६ च्या एका कॅडिलॅकने मांडली आणि १९२२ पासून ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीने ती घराघरांत नेली. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या, कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटला आणि अँबॅसडरला गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच असायचा. हिवाळ्यात चोक ओढायचा. अँबॅसडरचा डिपर डाव्या पायाने जमिनीवरची गुंडी दाबून द्यायचा. पण त्या दोन-चार गाड्याच होत्या. एक आली की दुसरी फर्लांगभरात आली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा गिअर खाली गेला, तेवढं एक शिकावं लागलं. तोवर गाडीचं ज्ञान माणसांत राहत होतं. ड्रायव्हर, फिटर, गॅरेजवाला उस्ताद यांच्याकडून ते तोंडी पसरायचं आणि सगळ्या गाड्यांना लागू पडायचं. २००२ साली आमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या कारखान्यात स्कॉर्पिओ बनू लागली, तीही एकाला आली की गावाला येत असे.

आता शेजाऱ्याची गाडी येते म्हणून आपली येईलच असं नाही. साधा इंडिकेटर घ्या. मारुती, ह्युंदाई, महिंद्र यांच्या गाड्यांत तो दांडा उजवीकडे, तर स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये डावीकडे. लख्ख उन्हात पुढच्या गाडीचा वायपर एकदा खरडून गेला, की समजावं: मालक नवा आहे आणि त्याला वळायचं आहे.

पण न सांगितलेल्या गोष्टींपेक्षा मला जास्त धोका वाटतो तो चुकीच्या सांगितलेल्या गोष्टींचा. उस्तादांचं ज्ञान खोटं नव्हतं, ते कार्ब्युरेटरच्या गाडीचं होतं. ‘उताराला न्यूट्रल कर, तेल वाचतं’ हा सल्ला चांदवडजवळच्या राहुड घाटात आणि कसाऱ्यात अजून पाळला जातो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना रेसवरून पाय काढला, तर उतारावर इंजिनाला इंधन जवळजवळ जातच नाही. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं, तर इंजिन चालू राहण्यापुरतं इंधन जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर. तापलेले ब्रेक घाटाच्या खालच्या वळणावर नेमके हरतात. ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्यांनी तर गिअरच्या दांड्याजवळचं ‘एल’ किंवा ‘एम’ हे अक्षर पहिल्या आठवड्यातच वापरून बघावं. ते उतारासाठी असतं, हे बऱ्याच जणांना ब्रेक जळल्याचा वास आल्यावर समजतं.

दुसरा सल्ला: ‘ओल्यात ब्रेक थोडा थोडा दे, पंप कर.’ एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीसाठी तो अगदी बरोबर होता. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, आणि ते पंप करायचं काम आपल्या पायापेक्षा कितीतरी वेगाने करतं. आपण फक्त पेडल जोरात दाबून धरायचं आणि स्टेअरिंग वळवत राहायचं. अशा वेळी पायाखाली पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो. हे आधी माहीत नसलेला माणूस घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतो. म्हणून माझं मत असं, की रिकाम्या जागी, पाठीमागे कोणी नसताना, तीस-चाळीसच्या वेगाने एकदा ब्रेक करकचून दाबून ती थरथर पायाला दाखवून ठेवावी. शोरूमचा तरुण हे दाखवत नाही. दाखवू शकतही नाही, कारण तेव्हा बॉनेटवर नारळ असतो.

तिसरी गोष्ट धक्का स्टार्टची. बॅटरी बसली की चार पोरं बोलवायची, दुसरा गिअर, क्लच सोड. ऑटोमॅटिक गाडी असं ढकलून सुरू होत नाही, कितीही पोरं आली तरी. आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीतलीच छोटी बॅटरी संपली, तर? आमच्या आळीत एका लग्नाच्या सकाळी असंच झालं. नवरदेव सजून बसला आणि गाडी किल्ली ओळखेना. अशा बहुतेक गाड्यांत किल्लीची ती डबी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. काहींत त्यासाठी वेगळा खण असतो. दार उघडायला त्या डबीतच एक बारीक धातूची किल्ली लपवलेली असते. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पूजेचं कुंकू लागलेल्या अवस्थेत होतं.

मीटरवरच्या चिन्हांचं त्या मानाने बरं आहे. ती जगभर जवळपास सारखी असावीत म्हणून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि रंगांची शिस्त पाळली जाते. लाल लागला तर गाडी जपून बाजूला घेऊन थांबायचं, पिवळा लागला तर लवकर दाखवून घ्यायची, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. निळा दिवा अप्परचा. विंचूर रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मीटरवर तो जळत असणार, आणि त्यांना तो शोभेचा वाटत असणार. तेलाच्या काट्याशेजारच्या पंपाच्या चित्राजवळ एक बारीक बाण असतो. टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते तो सांगतो. फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांना १९८६ साली पावसात पेट्रोल भरताना गाडी चुकीच्या बाजूला लागल्यावर ते सुचलं. इतकी उपयोगी आणि इतकी फुकट सोय मोटारीत दुसरी नसेल.

पिवळ्या दिव्यांपैकी एक मात्र आमच्या भागासाठी वेगळा काढून सांगायला हवा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीत काजळी साचते आणि गाडी ती अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी धूर खूप तापावा लागतो, आणि तो तापायला गाडी बऱ्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटं धावावी लागते. आता आमची गाडी धावते कशी? घर ते मळा दोन किलोमीटर, मळा ते यार्ड चार, यार्ड ते सोसायटी अर्धा. इंजिन तापायच्या आत बंद. जाळी भरत जाते, दिवा लागतो, मालक म्हणतो ‘गाडी पळतेय ना, लागू दे’. आणखी आठवडाभराने गाडीची ताकद कमी होते आणि मग गॅरेजचं बिल येतं. दिवा लागल्याबरोबर गाडी चांदवडकडे किंवा नाशिकच्या वाटेला काढून, चढ्या आरपीएमवर अर्धा तास चालवली, तर बहुतेक वेळा काम भागतं. जाळी साफ होत असताना मध्येच गाडी बंद करू नये, आणि वाळल्या गवतावर किंवा कांद्याच्या वाळक्या पातीवर तर मुळीच उभी करू नये. खालचं धुराडं तेव्हा निखाऱ्यासारखं असतं. खरं तर हे गाडी घेण्याआधी सांगायला हवं. रोजची फेरी पाच किलोमीटरची असेल, तर डिझेल घ्यावं का, हाच पहिला प्रश्न आहे. विक्रेत्याने तो विचारल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता एसी. निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे गाडीत चार माणसं बसली की काच आतून धुरकटते आणि माणसं उपरण्याने पुसत गाडी चालवतात. उपाय हाताशीच असतो: हवेचा झोत काचेकडे, एसी चालू, तापमान गरमकडे, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. थंडीत एसी कशाला, असं वाटतं; पण एसी हवेतला ओलावा काढतो, काच त्यानेच मोकळी होते. हेच आत-बाहेरचं बटण हंगामात उलटं वापरायचं. सडक्या कांद्याच्या ट्रॉलीमागे फाटकाजवळ दहा मिनिटं उभं राहावं लागलं, तर आतली हवा आतच बरी. यार्डात रोज जाणाऱ्याने आणखी एक बघावं: कांद्याची टरफलं वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात, पावसाचं पाणी निघायची वाट बुजते आणि ते पाणी आत, पायाखाली येतं. एसीची गाळणीही इथे शहरापेक्षा लवकर भरते.

बटणांच्या जागी पडदे आले, त्याची चर्चा जगभर चालू आहे. स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवून, एसी आणि रेडिओसारखी नेहमीची कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. २००५ ची बटणांची व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली. एका नव्या, पडद्यावर चालणाऱ्या एमजी गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात त्या वेगाने गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेलेली असते. युरोपातल्या सुरक्षा चाचणीत २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारं बटण असेल, तरच पूर्ण गुण मिळतात. आपल्या ‘भारत एनकॅप’ची सुरुवात ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. तारे किती ते आता गावातली पोरंही विचारतात. पडदा किती खोल आहे ते अजून कोणी विचारत नाही. मी माझ्यापुरता नियम केला आहे: जे करायला दोनदा बोट लावावं लागतं, ते गाडी उभी असतानाच करायचं.

धोक्याच्या दिव्यांचा विषय निघालाच आहे, तर चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना हात जोडून विनंती. डावीकडून येणाऱ्याला तुमचा फक्त डावा दिवा दिसतो आणि तो समजतो तुम्ही वळताय. कसाऱ्याच्या धुक्यातही तेच: चारही लावून पळणाऱ्याला वळताना इंडिकेटर देताच येत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीचे आहेत.

कॅमेरा-रडारवर चालणाऱ्या मदतीच्या प्रणाली, ज्यांना सगळे आता ‘एडास’ म्हणतात, २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० नंतर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. त्यांची पारख आमच्या रस्त्यांवर होते. समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारीला १२० ची मर्यादा आहे आणि पट्टे ठसठशीत आहेत, तिथे त्या शहाण्यासारख्या वागतात. विंचूर फाट्यावर पट्टाच नाही, तर पट्ट्यात ठेवणारी प्रणाली काय करणार? ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, वर कांद्याच्या गोण्या बाहेर आलेल्या. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अशा वेळी जीव वाचवू शकते. पण कधी मोटारसायकल तिरकी घुसली म्हणून गाडी एकाएकी दबते आणि मागचा पिकअप अंगावर येतो. म्हणून काही जण ती कायमची बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. कोणती गोष्ट कुठे चालू ठेवायची, हे एकदा बसून ठरवावं: पट्ट्याची सूचना गावात बंद, टक्कर टाळणारा ब्रेक सगळीकडे चालू, पुढच्या गाडीमागे आपोआप चालणारा क्रूझ फक्त महामार्गावर. आणि ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सतत वाजणारा तो टुंगटुंग आवाज बंद करायला इलेक्ट्रिशियन शोधू नये. जुलै २०१९ पासून तो कायद्याने आहे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात आपण तिला जे करतो, त्याचाही हिशेब इथेच मांडावा लागेल. जाड सीटकव्हर चढतात. त्याखाली मागचे बेल्टचे खाचे गाडले जातात, आणि साईड एअरबॅग सीटच्याच कडेला शिवलेली असेल, तर तिची वाट अडते. पुढे लोखंडी गार्ड बसतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे, कारण धक्क्याचं गणित बिघडून एअरबॅग वेळेवर उघडेलच असं राहत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागच्या सीटवरचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे मागचे बेल्ट उकरून काढले गेले. मग पुन्हा कव्हरखाली गेले.

आणि भाषा. ट्रॅक्टरबरोबर मराठी पुस्तिका मिळाल्याचं आमच्या घरात दोनदा झालं आहे. मोटारीचं पुस्तक मात्र मी पाहिलं तेव्हा इंग्रजीत, चारशेच्या वर पानांचं; त्यात आता निम्म्या गोष्टी मोबाईलवर क्यूआर कोडच्या चौकटीचा फोटो काढून बघा असं सांगतात. नाशिकमध्ये गाडी बनते, पुण्यात तिची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, विकत घेणारा निफाडचा. मधलं पुस्तक तेवढं परक्या भाषेतलं. घरात गाडी चालवणाऱ्या बायकांचा तर त्या पंधरा मिनिटांच्या पाठात विचारच नसतो. तो तरुण सगळं घरच्या कर्त्याकडे बघून सांगतो. सीट उंच-खाली होते, स्टेअरिंग वर-खाली होतं, हे माझ्या वहिनीला आठ महिन्यांनी समजलं. तोवर ती पाठीमागे उशी घेऊन क्लच दाबत होती.

आमच्याकडे यावर एक जुना, बिनखर्ची उपाय आहे: मोकळी जागा. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची इथे जुनी रीत होती. लासलगावात कित्येकांचा पहिला क्लच त्या दिवशीच्या रिकाम्या मैदानात सुटला आहे. नवी गाडी आल्यावर आम्हीही एका सुट्टीच्या संध्याकाळी पुतण्याला आणि वहिनीला घेऊन असंच एक मोकळं मैदान गाठलं. पुतण्याने पुस्तक वाचायचं, वहिनीने बटण दाबायचं. आधी सीट: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे: बाजूच्या आरशात आपली गाडी बोटभरच दिसावी. मग दिव्यांची उंची कमी-जास्त करणारी ती आकड्यांची चकती, जी डिकीत कांद्याच्या गोण्या असताना खाली करायची असते आणि जिला कोणी हात लावत नाही. मागच्या दाराच्या कडेचं मुलांचं कुलूप. बॉनेटची ओढणी आणि टाकीच्या झाकणाची ओढणी, या दोघींतला फरक. एबीएसची थरथर वहिनीने तीनदा करून बघितली. चौथ्यांदा तिला मजा वाटायला लागली म्हणून थांबवावं लागलं.

शेवटी पंक्चर काढून बघू म्हणून डिकी उघडली. चटई उचलली, खाली फोमचा साचा, त्यात जॅक नाही, पाना नाही, स्टेपनीही नाही. एक कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. २०२० सालच्या नियमाने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला, तर स्टेपनी न देण्याची कंपन्यांना मुभा आहे. गाडी घेऊन तेव्हा अकरा महिने झाले होते, त्यात दोनदा आम्ही रात्री नगरला जाऊन आलो होतो. पुतण्या बाटलीवरची बारीक अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचू लागला. त्या द्रवाची मुदत संपायला तीन महिने उरले होते.